पहिल्या वेलांटीचा प्रवास



दिल्लीच्या दक्षिण भागात आर. के. पुरम नावाची सरकारी नोकरांची एक विस्तीर्ण वसाहत आहे. नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझा मुक्काम तेथे आहे. आपल्याकडे पेठांना असतात तशी येथील विभागांना नावे नाहीत, नुसते क्रमांक आहेत; कचेऱ्यांच्या इमारतींनाही ‘ईस्ट ब्लॉक’, ‘वेस्ट ब्लॉक’ अशी दिशांची नावे देऊन त्यांपुढे आकडे घातलेले आहेत. यांपैकी सात क्रमांकाच्या वेस्ट ब्लॉकमधून केंद्रीय हिंदी निदेशालयाचा कारभार दशकानुदशके चालत आला. ही संस्था १९६० साली स्थापन झाली. देवनागरी अक्षराचे प्रमाण रूप कोणते, जोडाक्षर कसे मांडावे, अन्य भारतीय भाषांतील ध्वनींसाठी देवनागरीत कोणती नवी चिन्हे घ्यावीत, असल्या प्रश्नांचा निवाडा करणे हे तिच्या कामांपैकी एक. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला त्या इमारतीत विशेष काही दिसावे असे नाही. मलाही कित्येक दिवस दिसले नव्हते. अक्षराची खूण कोठे बसावी हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे मला उमगले ते एका सीडीमुळे. तिची हकीकत आधी सांगतो; इतिहास तिच्या मागोमाग येईल.

माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिक्षक होते. इतिहास हा त्यांचा विषय. निवृत्तीनंतर त्यांनी गावातील जुने वाडे, देवळे, आड आणि वतनदारांची घराणी यांची माहिती हिंडून-फिरून जमवली व एक टिपण सिद्ध केले. २००१ साली गावातल्याच एका डीटीपी केंद्रात ते संगणकावर उतरवण्यात आले. परदेशी असलेल्या एका नातलगाला ते वाचता यावे म्हणून केंद्रचालकाने त्याची वेबपृष्ठे करून एका सीडीवर घालून दिली. मूळ हस्तलिखित पुढे एका पावसाळ्यात भिजून नष्ट झाले. वडील २०१२ साली वारले. घर आवरताना ती सीडी माझ्या हाती लागली, ती मी दिल्लीस आणली आणि एका रविवारी मोठ्या उत्सुकतेने संगणकावर उघडली. पडद्यावर पान उमटले. परंतु त्या पानावर मराठीचे एक अक्षर नव्हते. जेथे ‘मराठी’ हा शब्द असायला हवा होता, तेथे रोमन लिपीतील ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच अक्षरे ओळीने उभी होती. पानामागून पाने तशीच. माझी मुलगी शेजारी उभी होती. तिने विचारले, “बाबा, आजोबांनी हे कुठल्या भाषेत लिहिलंय?”

भाषा मराठीच होती. मग यंत्र असे का वागले? दूरच्या किंवा जवळच्या संगणकावरील पान उघडून आपल्या पडद्यावर दाखवणारी जी आज्ञावली, तिला ब्राउझर म्हणतात. काही मराठी मंडळींनी तिला ‘न्याहाळक’ असे छान नाव दिले. त्याच धर्तीवर वेबसाइटला ‘संकेतस्थळ’ हा शब्द रूढ झाला. संस्कृत काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमी जनांनी भेटण्यासाठी आधी ठरवून ठेवलेली जागा. हा शब्द ज्याने योजला त्याच्या मनात हा अर्थ होता की नाही कोण जाणे. पण तो अगदी चपखल बसला आहे खरा. कारण या साऱ्या व्यवहाराचा पाया संकेत हाच आहे. न्याहाळकाकडे अक्षरे येतच नाहीत. येतात ते केवळ आकडे. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, याविषयी लिहिणारा आणि दाखवणारा यांच्यात आधी संकेत ठरलेला असेल, तर दोघांची भेट होते. नसेल, तर माझ्या मुलीला पडला तसा प्रश्न पडतो.

मराठीसाठी हा संकेत ठरायला फार काळ लागला. तो का लागला हे समजायचे तर संगणक जरा बाजूला ठेवून छापखान्यात डोकवावे लागेल. १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले आणि १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले, तेव्हापासून आपल्या लिपीची आणि यंत्राची ओळख आहे. ही ओळख पहिल्यापासून कुरबुरीची होती. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक उभी राहतात आणि त्यांची संख्या थोडी. देवनागरीत मात्र मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे आणि पहिली वेलांटी डावीकडे. शिवाय जोडाक्षरे निराळी. परिणामी मराठी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या पुढ्यातील खणांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागे. खिळे महाग, कामगाराला शिकवायला वेळ, चुका पुष्कळ.

यातून मार्ग काढण्याचा यत्न थोरामोठ्यांनी केला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी परिश्रम घेतले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ ही निराळी अक्षरे टाकून ‘अ’चीच बाराखडी लिहावी, असा त्यांचा आग्रह होता. या सगळ्यांत पहिली वेलांटी विशेष अडचणीची ठरली. ‘कि’ म्हणताना आपण आधी ‘क्’ उच्चारतो आणि मागाहून ‘इ’. परंतु लिपीत ती खूण व्यंजनाच्या आधी येऊन बसते. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने यावर उपाय सुचवला. ऱ्हस्व वेलांटीही दीर्घ वेलांटीप्रमाणे उजवीकडेच द्यावी, फक्त तिची दांडी आखूड ठेवावी. ही सुधारणा लोकांच्या डोळ्यांना मानवली नाही आणि थोड्याच वर्षांत ती मागे घ्यावी लागली. टंकलेखन यंत्रानेही तडजोडच केली. त्याच्या मोजक्या कळांवर अर्धी अक्षरे बसवण्यात आली. अर्ध्या अक्षराला काना जोडला की पूर्ण अक्षर तयार होई, आणि पहिली वेलांटी आधी उठवून मग व्यंजन उठवावे लागे.

या सुधारकांना आज हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांच्यापुढे जे यंत्र होते ते बदलण्याचे सामर्थ्य त्यांच्या हाती नव्हते. लिपी मात्र त्यांच्या हातची होती. म्हणून यंत्रासाठी लिपीने वाकावे, असा विचार त्यांनी केला. तो त्या काळाला धरून होता. यंत्रच एक दिवस लिपीपुढे वाकेल, अशी कल्पना १९५३ साली कोणाला सुचावी!

संगणक आला तेव्हा तर आशा आणखी मावळली. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे देण्याचा जो संकेत ठरला त्याचे नाव आस्की. त्यात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीच्या अक्षरांनी, अंकांनी व विरामचिन्हांनी भरून गेल्या होत्या. देवनागरीला तेथे पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्याकडे या प्रश्नावर विचार सुरू झाला तो मुख्यतः कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये. तेथील कामात मोहन तांबे या अभियंत्याचा वाटा मोठा होता. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि हे काम ‘जिस्ट’ या नावाने तेथे आले. संगणकात एक जादा पट्टी बसवली की इंग्रजीसाठी केलेल्या आज्ञावलीतही देवनागरी चालू लागे.

या कामामागचे तत्त्व महत्त्वाचे आहे. अक्षराचा आकार साठवू नये, अक्षर साठवावे, हे ते तत्त्व. आकार काढणे हे यंत्राचे काम. ‘कि’ साठवताना आधी ‘क’चा आकडा आणि त्यानंतर वेलांटीचा, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. दाखवताना वेलांटी उचलून डावीकडे नेऊन बसवण्याची कामगिरी यंत्राने पार पाडावी. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या सर्व लिप्यांना हे तत्त्व लागू पडते. म्हणून त्यांच्यासाठी मिळून एकच संकेत ठरला. त्याला इस्की म्हणतात. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. इन्स्क्रिप्ट नावाची कळपाटाची रचनाही याच विचारातून आली. तीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने असतात. ज्याला मराठीसाठी ती येते, त्याचा हात बंगाली किंवा तेलुगू लिहितानाही अडखळत नाही.

हे सर्व ठीक झाले असते. पण व्यवहार तत्त्वाची वाट पाहत थांबत नाही. छपाईच्या धंद्याला उद्याचे वर्तमानपत्र आजच काढायचे असते. तेव्हा एक सोपी क्लृप्ती निघाली. संगणकाला आपण इंग्रजीच लिहीत आहोत असे वाटू द्यायचे. फक्त फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. ‘ई’ या रोमन अक्षराच्या खणात ‘म’, ‘जे’च्या खणात ‘र’, ‘के’च्या खणात काना. टंकलेखन यंत्राच्या कळांचीच ही नक्कल होती, त्यामुळे जुन्या टंकलेखकांना ती चटकन साधली. छापील कागदावर तर काहीच बिघडत नव्हते. परंतु प्रत्येक फाँटवाल्याने आपापल्या मर्जीने तुकडे मांडले. एका फाँटमधील मजकुराला दुसरा फाँट लावला की काहीतरी भलतेच उमटे. माझ्या वडिलांचे टिपण असल्याच एका फाँटात बसवले गेले होते.

नेमक्या याच काळात जगात न्याहाळकांचे युग सुरू झाले. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. त्यात पाने वाचता येत, तशी लिहिताही येत. वाचणारा आणि लिहिणारा असा भेद त्यांच्या मनात नव्हता. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझेक हा ब्राउझर तयार झाला आणि मजकुराबरोबर चित्रेही दिसू लागली. १९९४ साली नेटस्केप आला, १९९५ साली इंटरनेट एक्स्प्लोरर. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. दुसऱ्याच वर्षी, १९९६ साली, अमेरिकेतील मराठी माणसांनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले. देवनागरी दाखवण्याची सोय नव्हती म्हणून त्या काळी परदेशी मराठी माणसे रोमन अक्षरांतून मराठी लिहीत. आपली भाषा परक्या कपड्यांत घराबाहेर पडली होती. पण पडली होती, हे विशेष.

मग मराठी वर्तमानपत्रे या जाळ्यावर आली आणि फाँटांचा गोंधळ जगजाहीर झाला. प्रत्येक पत्राचा फाँट निराळा. तो आधी उतरवून घ्यावा, तेव्हा ते पत्र वाचता येई. चार पत्रे वाचणाऱ्याच्या संगणकात चार फाँट. १९९७ च्या सुमारास पानाबरोबर फाँटही धाडून देण्याची सोय निघाली. परंतु त्या वेळच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी ती परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींनी केली. अमुक एका ब्राउझरमधूनच हे पान पाहावे, अशा सूचना पानांच्या तळाशी दिसू लागल्या. त्याहून मोठी उणीव निराळीच होती. हा मजकूर डोळ्यांना मराठी दिसत असला, तरी यंत्राच्या दृष्टीने तो निरर्थक इंग्रजी होता. म्हणून त्यात ‘पानिपत’ शोधू गेल्यास पानिपत सापडत नसे. ग्रंथालयात पुस्तके असावीत आणि सूची मात्र नसावी, तशातला तो प्रकार.

या गोंधळातून वाट काढली ती युनिकोड या जागतिक संकेताने. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक, आणि कायमचा एकच, आकडा द्यावा, ही त्याची प्रतिज्ञा. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. देवनागरीची मांडणी करताना त्याने आपल्या इस्कीचा १९८८ चा आराखडा आधाराला घेतला. म्हणजे कानपुरात आणि पुण्यात जे पेरले होते, ते जगाच्या शेतात उगवले. युनिकोडमध्ये ‘म’ म्हणजे २३५०, ‘र’ म्हणजे २३५२, काना २३६६, ‘ठ’ २३३६ आणि दुसरी वेलांटी २३६८. या पाच आकड्यांनी ‘मराठी’ हा शब्द पुरा होतो. तो मुंबईतल्या यंत्रावर असो की मॉरिशसमधल्या. माझ्या वडिलांच्या सीडीवर याच शब्दासाठी १०१, १०६, १०७, ६६ आणि १०४ हे आकडे होते, आणि जगाच्या संकेतात त्यांचा अर्थ मराठी असा नव्हता.

संकेत कागदावर ठरला, तरी तो पडद्यावर उतरायला आणखी दहा वर्षे गेली. विंडोज २००० मध्ये देवनागरी अंगभूत आली. तिच्यासाठी ‘मंगल’ हा फाँट रेखाटला तो र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, कवी आणि अध्यापक म्हणून महाराष्ट्राला ते परिचित होते. २००८ साली ते निवर्तले. पुढच्या विंडोज एक्सपीमध्ये मात्र जटिल लिप्यांची सोय मुद्दाम सुरू करून घ्यावी लागे. ज्याने ती केली नसेल, त्याच्या पडद्यावर पहिली वेलांटी आपल्या अक्षराला सोडून भलत्याच ठिकाणी टपकन उतरे. लखनौच्या परिषदेला जी वेलांटी उजवीकडे हवी होती, ती आता अजाणता उजवीकडे जाऊन बसली, आणि ते पाहून सर्वांनाच हळहळ वाटली. लिपीचे वळण डोळ्यांत किती खोल रुजलेले असते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

मोठ्या कंपन्यांच्या या हालचाली चालू असताना, ज्यांची नावे इतिहासात फारशी येत नाहीत अशा माणसांनी लहान लहान साधने करून लोकांच्या हाती दिली. मला त्यांचे विशेष कौतुक वाटते. कर्नाटकात कन्नडसाठी निर्माण झालेले ‘बरहा’ हे लेखनाचे साधन मराठी माणसाने आपले म्हणून वापरले. ‘गमभन’ या साधनामुळे ब्राउझरच्या चौकटीतच उच्चाराप्रमाणे कळा दाबून मराठी लिहिता येऊ लागले. बर्नर्स-ली यांच्या पहिल्या न्याहाळकात वाचन आणि लेखन एकत्र होते, ते सुख मराठीला असे मागाहून लाभले. नेटस्केपचे वंशज म्हणावे असे फायरफॉक्स २००४ साली आले. त्याला जोडता येईल असे ‘पद्म’ नावाचे एक उपसाधन निघाले होते. मुळात तेलुगूसाठी केलेले हे साधन पुढे इतर भारतीय लिप्यांनाही उपयोगी पडले. खासगी फाँटात असलेले पान उघडले, की ते जागच्या जागी त्याचे युनिकोड करून दाखवी. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला, आणि त्यात लिहिणाऱ्यांनी युनिकोड हाच संकेत मानल्यामुळे नवा मजकूर एकाच पद्धतीने साठू लागला.

आज फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांत अक्षरे जुळवण्याचे काम ‘हर्फबझ’ नावाची एक मुक्त आज्ञावली करते. फारसीत त्याचा अर्थ खुले अक्षर. हरफ हा शब्द आपल्याला नवा नाही. ‘त्याने एक हरफही काढला नाही’ असे आपण म्हणतोच. पूर्वी खिळे जुळवणारा कामगार जे करी, तेच ही आज्ञावली पापणी लवण्याच्या आत करते, आणि पहिली वेलांटी जिथल्या तिथे नेऊन ठेवते. यंत्र लिपीपुढे वाकले ते असे.

काही गोष्टी राहून गेल्या होत्या. इंग्रजी शब्दांसाठी आपण जो ‘ॲ’ लिहितो, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तोवर लोकांनी नाना युक्त्यांनी तो लिहिला, आणि म्हणून एकच शब्द आज दोन-तीन रूपांत साठलेला आढळतो. ‘दर्या’ म्हणजे सागर आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील. हा भेद मराठीचा स्वतःचा आहे आणि त्यासाठी निराळी योजना करावी लागली. २००९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप जाहीर केले. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्यात राखली आहेत. त्याच महिन्यात केंद्र सरकारनेही आपल्या ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून स्वीकारले. आमच्या कचेऱ्यांत एका टेबलावरचा मजकूर दुसऱ्या टेबलावर वाचता येऊ लागला, ही लहानशी वाटणारी गोष्ट आमच्यासारख्यांना केवढी सोय झाली हे सांगून पटायचे नाही.

आता त्या सीडीकडे वळतो. पानाच्या आड फाँटचे नाव लिहिलेले होते. त्यावरून कोणत्या आकड्याला कोणता तुकडा, याचा तक्ता मी व माझ्या मुलीने बनवला, आणि स्वयंसेवकांनी केलेल्या एका परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणण्यास प्रारंभ केला. सोपी अक्षरे भराभर सुटली. अडचण आली ती जुन्या ठिकाणीच. ‘स्थिती’ या शब्दात त्या फाँटने आधी वेलांटी ठेवली होती, मग अर्धा स, मग अर्धा थ आणि त्याला पूर्ण करणारा काना. म्हणजे वेलांटीला दोन अर्ध्या अक्षरांवरून उडी मारून पलीकडे न्यायचे, आणि त्या कान्याचा ‘आ’ होऊ द्यायचा नाही. रफाराचे याच्या उलट. ‘वर्ष’मधला रफार फाँटात ‘ष’नंतर होता, त्याला मागे खेचून ‘ष’च्या आधी आणायचा. पहिल्या खेपेस आमच्या हातून जे निघाले त्यात एका वाड्याचा ‘वर्षासन’ हा शब्द ओळखू येईना. तीन-चार रविवार गेले. शेवटी एका संध्याकाळी मुलीने आपल्या मोबाईलवर ते पान उघडले आणि आजोबांनी लिहिलेली गावच्या वेशीची हकीकत मोठ्याने वाचू लागली. मी ऐकत बसलो. तिच्या आवाजात त्यांची वाक्ये होती. काही शब्द अजून शंकास्पद आहेत; ते ज्याला विचारावेत तो माणूस आता नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी मोडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लक्षावधी कागद सुरक्षित आहेत. त्यांना वाळवी लागलेली नाही, शाई पुसलेली नाही. तरी ते मुके आहेत, कारण ती लिपी वाचणारे थोडे उरले. कागद टिकला म्हणजे मजकूर टिकला असे नव्हे. मोडीच्या बाबतीत निदान अक्षर डोळ्यांना दिसते, आणि शिकणाऱ्याला ते शिकता येते. सीडीवरचे आकडे डोळ्यांना दिसतही नाहीत. १९९० नंतरच्या वीसेक वर्षांत मराठीत जे संगणकावर लिहिले गेले, त्यातले पुष्कळ अशाच निरनिराळ्या खासगी फाँटांत अडकलेले आहे. त्यात संस्थांची इतिवृत्ते असतील, स्मरणिका असतील, कोणा आजीची पाककृतींची वही असेल. ते फाँट ठाऊक असलेली माणसे आणि ते उघडणारी यंत्रे दोन्ही हळूहळू निवृत्त होत आहेत. एके काळी सर्वत्र सत्ता गाजवणारा इंटरनेट एक्स्प्लोररही २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला. अमुक ब्राउझरमधूनच पाहावे अशी अट घालणारी पाने कोणाच्या भरवशावर ठेवली गेली होती, हे त्या दिवशी कळले.

आपण अक्षराला अक्षर म्हणतो ते त्याचा क्षय होत नाही म्हणून. पण तो त्याचा उपजत गुण नाही. माणसांनी आपसात संकेत ठरवावा आणि तो पाळावा, तेव्हाच अक्षर अक्षर राहते. तो ठरवण्याचे काम सात नंबरच्या वेस्ट ब्लॉकसारख्या रुक्ष इमारतींत, कानपूर-पुण्याच्या प्रयोगशाळांत आणि रात्री जागून फुकट साधने करणाऱ्यांच्या घरी झाले. पाळण्याचे काम आपले आहे. आपल्या घरी, शाळेत, मंडळाच्या कपाटात जुन्या सीडी आणि फ्लॉपी असतील. त्या काढून पाहा. ज्याने मजकूर बसवला तो माणूस गावात असेल तर त्याला फाँटचे नाव विचारून ठेवा, आणि साधने हाताशी आहेत तोवर तो मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्या. वेलांटी जागेवर बसवायला थोडा वेळ लागेल. आम्हाला तीन-चार रविवार लागले.